एकसीटी जुनं बायप्लेन: सांगाड्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

जुनं बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, बघितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाकूड आणि कापड हवेत टिकतं का? टिकतं, नीट केलं तर कित्येक दशकं टिकतं. खरी अडचण वेगळीच आहे. या विमानात दुसरी सीट नाही. मागे बसून 'सोड, स्टिक माझ्याकडे दे' म्हणणारा कुणी नाही. चाकं पहिल्यांदा जमीन सोडतात तेव्हा विमानाबद्दल तुम्हाला जेवढं कळलंय, तेवढंच तुमच्याजवळ असतं. म्हणून मी दुरुस्ती आणि उड्डाण हे दोन वेगळे विषय मानत नाही. जो बोल्ट तुम्ही स्वतः काढून, बघून परत बसवलाय, त्याची काळजी हवेत करावी लागत नाही आणि डोकं पायांकडे, म्हणजे पेडलने नाक सरळ ठेवण्याकडे, द्यायला मोकळं राहतं.

हा लेख लहान, हौशी लोकांनी ड्रॉइंगवरून बांधलेल्या विमानांबद्दल आहे. कर्टिस पिट्स यांचं १९४४ साली उडालेलं पिट्स स्पेशल, १९५६चं स्मिथ मिनिप्लेन, १९६०चं ईएए (हौशी विमान बांधणाऱ्यांची अमेरिकन संघटना) बायप्लेन, ही या घराण्यातली ठळक नावं. तिन्हींची ठेवण साधारण सारखी: क्रोमोली पोलादी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा, स्प्रूस लाकडाच्या स्पारचे (पंखभर जाणाऱ्या मुख्य तुळयांचे) पंख, वरून कापड, पुढे चार सिलिंडरचं आडवं इंजिन. १९३७चं करी वॉट त्याहून जुनं आणि जवळजवळ सगळं लाकडीच. किती छोटी असतात ही विमानं, ते बघायचं तर हवाई कसरती करणाऱ्या बेटी स्केल्टन यांचं पिट्स, 'लिटल स्टिंकर', बघावं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उडवार-हेझी केंद्रात ते उलटं टांगलंय, आणि त्याला तसंच टांगणं शोभतं.

घेण्याआधी

रंग बघू नका. रंग हा विमानातला सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत कमी खरं बोलणारा भाग. आधी कागद बघा: लॉगबुकं सलग आहेत का, डेटा प्लेटवरचा क्रमांक कागदांशी जुळतो का, मूळ ड्रॉइंग मिळतायत का. ड्रॉइंग नसलेलं विमान स्वस्तात मिळालं तरी शेवटी महागच पडतं, कारण प्रत्येक माप तुम्हाला नव्याने सिद्ध करत बसावं लागतं. लॉगमध्ये 'पंखाचं टोक दुरुस्त केलं' अशी एक ओळ सापडली तर तिथे खूण करून ठेवा. टोक जमिनीला लागलं, म्हणजे तो धक्का स्पारमधून आतपर्यंत गेला. टोक दुरुस्त झालं असेल, पण आतलं कुणी बघितलं का?

ज्याच्या सहीवर विमान शेवटी उडणार, त्या परवानाधारक इंजिनियरला पहिल्याच दिवशी गाठा. कोणत्या टप्प्यावर काय उघडं ठेवून दाखवायचं हे तो सांगेल. कापड चढवल्यावर 'आतलं दाखवा' म्हणाला तर दोष त्याचा नाही.

उतरवताना

विमान मोडायला पाना हातात घेण्याआधी टेप, ओळंबा आणि वही घ्या. विमान उभं आहे त्या अवस्थेत सगळी मापं उतरवा: वरचा पंख खालच्यापेक्षा किती पुढे आहे, प्रत्येक पंख कोणत्या कोनात बसलाय, टोकं किती उचललेली आहेत, प्रत्येक तारेचे किती आटे काट्याच्या (तारेच्या टोकाच्या दुबेळक्या फिटिंगच्या) आत आहेत. ही मापं चुकीचीही असतील, पण ज्या मापांवर ते विमान काल उडत होतं, ती तीच आहेत.

तारांना कागदाची लेबलं लावू नका. मी लावली होती. तारा सॉल्व्हंटने पुसताना शाई गेली, आणि लांबीत अंगठ्याएवढाही फरक नसलेल्या दोन तारा माझ्याकडून एकमेकींच्या जागी गेल्या. पुढे रिगिंग (पंख तारांनी जुळवून ताणणं) करताना एक पंख काही केल्या जुळेना, आणि दोन आठवडे मी दोष पंखांमधल्या खांबांमध्ये शोधत बसलो. पत्र्याचे तुकडे कापा, त्यावर पंचने आकडे ठोका, तारेने बांधा.

जुनं कापड फाडून फेकू नका. पट्ट्या कुठे होत्या, टाके किती अंतरावर होते, तपासणीची भोकं कुठे होती, याचा तो नकाशा आहे. मोठ्या तुकड्यांत कापा, घडी करा, काम संपेपर्यंत ठेवा. प्रत्येक सांध्याचे फोटो गरज वाटते त्याच्या तिप्पट काढा, आणि प्रत्येक फोटोत कुठेतरी 'पुढे' दाखवणारा बाण असू द्या. एका नळीचा जवळून काढलेला फोटो सहा महिन्यांनी बघितला की ती उभी होती की आडवी हेही कळत नाही.

पोलादी सांगाडा

नळ्या बाहेरून गंजतात तो गंज दिसतो, घासता येतो. घात करतो तो आतला. शेपटीचं चाक असलेलं विमान उभं असतं तेव्हा शेपूट खाली असते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी घरंगळत खालच्या लांब नळ्यांच्या मागच्या टोकाशी जमतं. तपासायला सुरुवात तिथूनच करा. स्प्रिंगचा ऑटोमॅटिक पंच घ्या, नळीच्या खालच्या अंगावर ठेवून दाबा. चांगली नळी बारीक ठिपका घेते आणि आवाज खणखणीत येतो. पातळ झालेली नळी खळगा घेते. कधी पंच सरळ आत जातो, आणि तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. तो हवेत सापडला नाही, इथे सापडला.

वाळूचा मारा करून रंग काढायचा असेल तर बारीक वाळू आणि कमी दाब. जोरात मारलं तर नळीच पातळ होते. उघडे पडलेले वेल्ड भिंगाखाली बघा, विशेषतः चाकांचे पाय आणि पंखांच्या तारा जिथे येऊन मिळतात ते सांधे. संशय आला तर भेगा दाखवणारा रंग लावून तपासा. नळी बदलायची तर आत बाही घालून, टोकं तिरपी किंवा माशाच्या तोंडासारखी कापून वेल्ड करायची पद्धत आहे. अमेरिकन नियामक संस्थेच्या १९९८च्या 'एसी ४३.१३-१बी' या पुस्तिकेत त्याच्या आकृत्या आहेत. लाकूड, कापड, बोल्ट, तारा यांचंही बरंचसं त्यात आहे, आणि जगभर जुन्या विमानांच्या कामात ती टेबलावर उघडी पडलेली दिसते. वेल्डिंगआधी सांगाडा घट्ट बांधून ठेवा, नाहीतर उष्णतेने शेपूट बोटभर वाकडी होते आणि ते कळतं थेट रडर (शेपटीची डावी-उजवीकडे वळणारी झडप) बसवताना.

सगळं झालं की नळ्यांत गरम जवसाचं तेल ओतून, सांगाडा फिरवून, निथळू देऊन भोकं बंद करायची, ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. कुठे सूक्ष्म छिद्र राहिलं असेल तर तेल तिथून पाझरून स्वतःच दाखवतं. बाहेरून इपॉक्सी प्रायमर लावा, कारण कापडाची रसायनं साधा प्रायमर उचलून टाकतात.

पंख: इथे घाई नाही

माझ्या मते एकूण वेळेचा अर्धा वेळ पंखांचा, आणि तो द्यावा.

आधी नाकाने तपासा. तपासणीच्या भोकातून कुबट वास आला तर आत ओल राहिली आहे. जुन्या पंखांत केसीनचा सरस असतो. तो दुधातल्या प्रथिनांपासून बनतो आणि ओलीत त्याला बुरशी लागते. रिब (पंखाला आकार देणारी फासळी) आणि स्पारच्या सांध्यात पातळ पातं हळूच घालून बघा. सरस पीठ होऊन गळत असेल तर एक सांधा दुरुस्त करून भागत नाही, बाकीचेही त्याच वयाचे आहेत.

मग स्पार. माझ्या विमानाच्या खालच्या डाव्या पंखाचा पुढचा स्पार वरून निर्दोष होता, वार्निश मधासारखं पिवळं आणि चमकदार. खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला. पंखांमधला खांब जिथे बसतो, तिथल्या प्लायवुडच्या पट्टीच्या कडेपासून बोटभर अंतरावर, लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी एक सुरकुती दिसली. नखाला लागत नव्हती. टॉर्च सरळ धरला की गायब, आडवा केला की पुन्हा हजर. याला दाबाने मोडलेलं लाकूड म्हणतात. तंतू चिरडून एकमेकांवर चढलेले असतात, आणि त्या जागी स्पारची ताकद जवळजवळ संपलेली असते. वर्षांपूर्वी कधीतरी ते टोक जमिनीला लागलं होतं, लॉगमध्ये तशी ओळ होती, आणि पट्टीची कड ही नेमकी ती जागा जिथे जाड लाकूड संपून पातळ सुरू होतं. असा स्पार वाचवत बसू नये. मी बदलला.

बोल्टची भोकंही बघा. भोक लांबट झालं असेल तर तिथे जोड हलत होता. भोवती काळा डाग असेल तर बोल्ट गंजतोय आणि लाकूड कुजायला लागलंय.

स्पार जोडता येतो, पण फिटिंगच्या खाली कधीच नाही. तिरप्या जोडाचा उतार मी १२ला १ ठेवतो: १९ मिलिमीटर जाडीच्या स्पारला २२८ मिलिमीटर लांब तिरपा काप. रंधा धारदार हवा, आणि दोन्ही पृष्ठभाग सरस लावण्याच्या दिवशीच रंधावे. घासकागद नको, त्याची भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते. लाकडातली ओल ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावी. रिसॉर्सिनॉल सरस वापरत असाल तर खोली २१ अंश सेल्सियसच्या वर हवी, दाब भक्कम हवा आणि जोड अगदी बसता हवा. इपॉक्सीला फट थोडी चालते, पण शिकंजा आवळून सगळा सरस बाहेर पिळून काढलात तर जोड उपाशी राहतो. प्रत्येक वेळी सरस कालवला की त्यातूनच दोन फालतू तुकडे चिकटवा, तारीख लिहा, आणि दुसऱ्या दिवशी हातोड्याने फोडा. लाकूड फाटलं पाहिजे. सरसावरून सुटलं तर त्या दिवशी जोडलेलं सगळं संशयास्पद.

पंखाच्या आत कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या तारा असतात. एक जोडी पंखाला मागे ढकलणारा जोर घेते, दुसरी पुढचा. पंख टेबलावर सपाट ठेवा, दोन्ही टोकांना टोचे असलेली लाकडी पट्टी करा आणि प्रत्येक खणाचे दोन कर्ण त्याच पट्टीने मोजा. टेपने नको, टेप झोळ खाते. पंखाच्या मुळाकडच्या खणातून सुरुवात, मग बाहेर बाहेर, मग परत पहिल्यावर, कारण पुढचा खण ताणला की मागचा बदललेला असतो. शेवटी वार्निश, आणि प्रत्येक भोकाच्या आतही.

कापड

कापड, सरस, डोप (कापडावर चढवायचं लुकण), रंग हे सगळं एकाच पद्धतीतलं घ्या आणि तिच्या पुस्तिकेबाहेर जाऊ नका. दोन पद्धतींची सरमिसळ करून 'हुशारी' केलेली कापडं सोलून निघताना मी पाहिलीत.

आज बहुतेक जण पॉलिस्टर वापरतात. ते इस्त्रीने ताणतात, आणि हे काम बघायला गंमतशीर आहे: चोळामोळा झालेलं कापड डोळ्यांसमोर ढोलासारखं होतं. पण इस्त्रीच्या तबकडीवरच्या खुणांवर विश्वास नको. तळाला थर्मामीटर लावून आधी खूण करा. पहिला फेरा साधारण १२१ अंश सेल्सियसला, शेवटचा १७७ला. त्यावर गेलात तर कापड आवळायच्या ऐवजी सैल पडायला लागतं आणि मग वितळतं. पंखाचा मागचा काठ नाजूक असतो. एका बाजूने पूर्ण ताणून मग दुसरी घेतली तर तो काठ लाटेसारखा वाकतो. दोन्ही बाजू आळीपाळीने घ्या.

नंतर कापड रिबांना बांधणारे टाके. लांब सुई वरून खाली, रिबच्या कडेने परत वर, गाठ, पुढचा टाका. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं, आणि प्रोपेलरचा झोत जिथे आदळतो त्या रिबांवर ते कमी असतं. पहिल्या दहा गाठी तुम्हाला उलगडून पुन्हा माराव्या लागतील, हे गृहीतच धरा. दोन माणसं हवीत, एक वर एक खाली. सुई खालून नेमकी कुठे आली हे न बोलता कळायला लागलं की काम रंगतं.

पाणी निथळायला प्रत्येक खणाच्या सर्वांत खालच्या जागी भोक पाडायला विसरू नका, आणि 'सर्वांत खाली' हे विमान शेपटीवर उभं असताना ठरवा.

चंदेरी थर म्हणजे सजावट नव्हे, त्यातली ॲल्युमिनियमची पूड कापडाला उन्हापासून वाचवते. अंधारात आत दिवा धरून बाहेरून बघा, उजेड दिसला तर थर अपुरा. नायट्रेट डोप वापरत असाल तर ते स्फोटकासारखं जळतं एवढं लक्षात ठेवून खोली, दिवे, बूट सगळ्याचा विचार करा. नायट्रेटवर ब्युटिरेट डोप चालतं, उलट चालत नाही. आणि रंगाचे थर मोजून. शेपटीवरच्या आरशासारख्या चकाकीची किंमत पुढे वजनकाट्यावर कळेल.

इंजिन

यावर इतरत्र भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी दर चौरस इंचाला ८० पौंड दाबाने करा. आकडा कमी आला तर कान लावा: फुसफुस एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, तेलाच्या नळकांड्यातून आली तर रिंगा. वर्षानुवर्षं न चाललेल्या इंजिनात कॅमशाफ्टवर गंज बसतो आणि तो या चाचणीत दिसत नाही, त्यासाठी उघडावंच लागतं. रबरी नळ्या सगळ्या बदला, चांगल्या दिसल्या तरी.

इंधनाची चाचणी मात्र टाळू नका. विमान चढताना असेल तितकं नाक वर करून उभं करा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडा आणि तासाला किती इंधन येतं ते मोजा. वरच्या टाकीतून आपोआप उतरणाऱ्या इंधनाला कमाल गरजेच्या दीडपट प्रवाह हवा: इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी २६ लिटर पीत असेल तर ३९.

लाकडी प्रोपेलरचे बोल्ट हवामान बदललं की सैल होतात, कारण लाकूड आक्रसतं. ते वेळोवेळी टॉर्क रेंचने बघावे लागतात. यातल्या बऱ्याच विमानांना स्टार्टर नसतो. हाताने प्रोपेलर फिरवायचा तर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) नेहमी चालू आहे असंच धरून चाला. स्विच आणि मॅग्नेटोमधली एक वायर तुटली की स्विच बंद असूनही इंजिन सुरू होऊ शकतं. चाकांना ठोकळे, शेपूट दोराने बांधलेली, आत स्टिक पोटाशी घेऊन बसलेला जाणता माणूस, आणि फिरवणाऱ्याने पातं ओढताना शरीर मागे जाईल असं उभं राहायचं. 'मी एकट्याने करतो' म्हणणाऱ्यांची विमानं माणसाशिवाय मैदानभर फिरल्याच्या गोष्टी प्रत्येक हँगरमध्ये ऐकायला मिळतात.

रिगिंग

आता विमान पुन्हा विमान दिसायला लागतं, आणि इथेच सर्वांत जास्त संयम लागतो. क्रम असा:

१. सांगाडा दोन्ही दिशांनी पाणसळीत आणा आणि शेपटीखाली घट्ट टेका द्या. दिवसभरात दर तासाला पाणसळ परत बघा.

२. वरच्या पंखाचा मधला भाग छोट्या खांबांवर बसवा. त्याच्या दोन्ही बाजूंनी ओळंबे सोडा, सांगाड्याच्या मध्यरेषेपासून अंतरं सारखी आली पाहिजेत. पुढे-मागे किती सरकलेला हवा ते ड्रॉइंगमध्ये असतं. हा भाग चुकला तर पुढचं सगळं चुकीला चिकटत जातं.

३. पंख लावा आणि आधी लँडिंग वायरनी उचला. जमिनीवर पंखांचं वजन या तारा पेलतात, म्हणून टोकांचा चढ यांनीच ठरवायचा.

४. प्रत्येक पंखाचा बसण्याचा कोन मुळाशी आणि खांबापाशी मोजा.

५. शेवटी फ्लाइंग वायर. हवेत पंख वर ओढले जातात तेव्हा विमान यांच्यावर लटकलेलं असतं. जोडीतल्या दोन तारांना सारखा ताण हवा आणि तो मीटरने बघावा. 'जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित' हा गैरसमज आहे. जादा ताण स्पारला जमिनीवर उभ्या उभ्याच दाबत राहतो.

६. रडरच्या खांबापासून डाव्या आणि उजव्या पंखावरच्या एकाच बिंदूपर्यंत टेप धरा. दोन आकडे जुळले तर विमान सरळ.

चपट्या तारांना एका टोकाला उजवा आटा आणि दुसऱ्याला डावा असतो, म्हणून तार फिरवली की दोन्ही टोकं एकदम आवळतात. थांबताना तारेची धार वाऱ्याच्या दिशेला यायला हवी, आणि काट्याच्या तपासणी-भोकात बारीक तार घातली तर ती आटे असल्यामुळे आरपार जाता कामा नये. जात असेल तर आटे पुरेसे आत नाहीत. जिथे तारा एकमेकींना ओलांडतात तिथे त्यांना बांधणारी लाकडी काठी परत लावा, ती नसेल तर तारा थरथरून मुळाशी तुटतात.

कंट्रोलच्या केबल फडक्याने पुसा. तुटलेला तंतू फडक्याला अडकतो. पुली जिथे आहे तिथे केबल पूर्ण सरकवून बघा. मग सीटवर बसा, अंगठा वर करून स्टिक पकडा आणि डावीकडे ढकला. अंगठा ज्या बाजूला झुकला त्या बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या काठावरची हलणारी झडप) वर गेलं पाहिजे. उलटं जोडलेल्या एलेरॉननी माणसं गेली आहेत, त्यात अनुभवी माणसंही होती. दुसऱ्या कुणाला तरी न सांगता हीच तपासणी करायला लावा.

वजन

विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवून तिन्ही चाकांखाली काटे. समजा डावं चाक १५२ किलो, उजवं १५०, शेपूट १८. खालच्या पंखाच्या पुढच्या काठापासून मोजलं तर पुढची चाकं १० सेंटिमीटर मागे, शेपटीचं चाक ३७० सेंटिमीटर मागे. ३०२ गुणिले १० अधिक १८ गुणिले ३७० म्हणजे ९६८०, भागिले ३२०: गुरुत्वमध्य ३०.२५ सेंटिमीटरवर. आता शेपटीच्या चाकापाशी फक्त एक किलो वाढवा: १००५० भागिले ३२१, म्हणजे ३१.३. एका किलोने गुरुत्वमध्य सेंटिमीटरभर मागे गेला. एवढ्या छोट्या विमानात मागची मर्यादा फार लांब नसते, आणि गुरुत्वमध्य मागे गेलेलं विमान गिरकीतून बाहेर यायला नकार देऊ शकतं. चकाकीची किंमत म्हणालो ती ही. पायलटचं आणि इंधनाचं वजन धरून, टाकी भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही गणितं करा.

स्वतःची तयारी

दोन सीटच्या, शेपटीच्या चाकाच्या, पुढचं न दिसणाऱ्या विमानात शिका: पिट्स एस-२ मिळालं तर उत्तम, नाहीतर टायगर मॉथ. टायगर मॉथमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याचा प्रोपेलर उलटा फिरतो, म्हणून धाव घेताना नाक उजवीकडे जातं. लायकमिंग किंवा काँटिनेंटल इंजिनवर ते डावीकडे जाईल. पाय एका सवयीचे आणि विमान दुसऱ्या, असं होऊ देऊ नका.

मग आपल्या विमानात, इंजिन बंद ठेवून, शेपूट जमिनीवर असताना तासभर नुसतं बसा. नाकाच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे जे दोन त्रिकोण दिसतात, ते पाठ करा. तीन चाकांवर उतरताना अगदी हेच चित्र यायला हवं, आणि ते शिकवायला आत दुसरं कुणी नसेल.

जमिनीवर विमान नागमोडी न्या, कारण समोर काहीच दिसत नाही. जोरात टॅक्सी करून, म्हणजे विमान जमिनीवरच पळवून, 'अंदाज घ्यायचा' हा सल्ला मला पटत नाही. हलकं बायप्लेन तुमचा निर्णय व्हायच्या आत हवेत जातं. शिवाय नुकतं ओव्हरहॉल केलेलं इंजिन जमिनीवर फार वेळ चालवलं तर रिंगा बसत नाहीत, सिलिंडर नुसता गुळगुळीत होतो. चालायच्या वेगाची टॅक्सी भरपूर करा. त्याच्या वरचा वेग घ्याल तो उडायची पूर्ण तयारी असेल तेव्हाच.

पहिलं उड्डाण

वारा नसलेली सकाळ, शक्यतो गवताची धावपट्टी. गवत थोडं घसरू देतं, डांबर चाक पकडून ठेवतं.

थ्रॉटल हळूहळू, तीन-चार सेकंदांत पूर्ण. शेपूट उचलताना नाक एकदा बाजूला झटका देतं, पाय आधीच तयार हवेत. शेपूट घाईने उचलू नका. चढताना एकच विचार डोक्यात असू द्या: इंजिन गेलं तर स्टिक लगेच पुढे. दोन पंख, खांब आणि तारा यांचा अडथळा एवढा असतो की ताकद गेली की वेग दोन श्वासांत संपतो. मागे वळायचं नाही, समोर जे मैदान असेल ते आपलं.

जमिनीपासून ३००० फुटांवर जा, धावपट्टीच्या वरच रहा. थोडं स्थिरावलात की विमान हळू करत स्टॉलपर्यंत (पंखांची उचल सुटते तिथपर्यंत) न्या आणि काट्यावरचा आकडा लिहून घ्या. तुमचा वेगाचा काटा काय दाखवतो ते इथेच कळतं. ताशी ५० मैलांवर स्टॉल झालं तर उतरतानाचा वेग त्याच्या १.३ पट, म्हणजे ६५. पुस्तकातला आकडा त्या पुस्तकातल्या विमानाचा असतो.

उतरताना ताकद पूर्ण काढू नका, विमान विटेसारखं खाली येतं. वळत वळत या म्हणजे धावपट्टी शेवटपर्यंत दिसत राहील. सरळ झालात की ती नाकाखाली नाहीशी होईल, आणि तेव्हा समोर बघायचंच नाही. दोन्ही कडांचे ते त्रिकोण सारखे ठेवायचे. एक मोठा झाला की तुम्ही सरकताय. तिन्ही चाकं टेकली की स्टिक पोटाशी, आणि पाय खेळते. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे आहे, त्यामुळे शेपटीला सतत पुढे यायची इच्छा असते, आणि बहुतेक ग्राउंड लूप (विमान जमिनीवर गर्रकन फिरणं) चालण्याच्या वेगाच्या जरा वर, 'झालं एकदाचं' असं वाटल्यावर होतात. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय पेडलवरून काढू नका.

थांबल्यावर लगेच फोटो काढू नका, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढा. तेल कुठे ओघळलंय, कुठे नळी घासतेय, एक्झॉस्टचा राखाडी डाग कुठे उमटलाय ते गरम असतानाच बघा. तारांवर हात फिरवा. नवं कापड आणि नवे जोड बसत जातात, म्हणून पहिल्या तासानंतर आणि पुन्हा पाच तासांनी ताण मोजा. प्रोपेलरचे बोल्टही तेव्हाच.

माझ्या पहिल्या उड्डाणात ताशी साधारण ९० मैल वेगाला उजवीकडची एक लँडिंग वायर गुणगुणत होती. हवेत त्यांच्यावरचा भार उतरतो, त्यामुळे जी जरा सैल असते ती बोलते. खाली आल्यावर मीटर लावला, डावीपेक्षा ताण कमी होता. लॉकनट सोडले, तार अर्धा फेरा फिरवली, धार वाऱ्यात आणली, दोन्ही टोकांची तपासणी-भोकं बघितली आणि वहीत लिहिलं. दुसऱ्या सकाळी ९०ला नेलं, तार गप्प होती.